तरुणांच्या हाती मंडळीचं काम सोपवताना: जबाबदारी आधी, माईक शेवटी

आपल्या बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण रविवार ठरलेल्या पद्धतीनं होतो. बुधवारी कोणाच्या तरी लक्षात येतं की या रविवारची उपासना तरुण संघाची आहे. बऱ्यापैकी बोलणाऱ्या एखाद्या मुलाला फोन जातो, "या वेळी उपदेश तू कर." मुलींना सजावट आणि चहा सांगितला जातो. रविवारी सगळे कौतुक करतात, फोटो निघतात, आणि पुढच्या रविवारी तीच मुलं मागच्या बाकावर बसलेली असतात किंवा आलेलीच नसतात. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, आजकालच्या मुलांना देवाच्या कामाची आवड राहिली नाही.

ही चूक मी स्वतः केली आहे. तरुण संघाची जबाबदारी नवीन होती तेव्हा सतरा वर्षांच्या एका मुलाला मी चार दिवस आधी उपदेश करायला सांगितला. तो हुशार होता, पाठांतर चांगलं होतं. उभा राहिला आणि सहाव्या मिनिटाला सगळं विसरला. उपासनेनंतर दारातच एक वयस्कर गृहस्थ त्याला म्हणाले, "तयारी करून यायचं असतं रे." पुढचे सहा महिने तो मंडळीत आला नाही. तयारी त्याची कमी पडली नव्हती, माझी कमी पडली होती. त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे, पाळकांसाठी (मंडळीच्या धर्मगुरूंसाठी), कमिटीच्या सभासदांसाठी, शब्बाथ शाळेच्या (मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गाच्या) शिक्षकांसाठी आणि आईबापांसाठी.

क्रम महत्त्वाचा का, ते बायबलमधल्या, प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पत्रातच दिसतं. तीमथ्याचं तारुण्य कोणी तुच्छ मानू नये, हे पहिल्या तीमथ्याच्या चौथ्या अध्यायातलं बारावं वचन आपण बॅनरवर छापतो, पण अर्धंच छापतो. त्याच वचनाच्या उरलेल्या भागात बोलणं, वागणं, प्रीती, विश्वास आणि शुद्धता या पाच गोष्टींत इतरांसाठी नमुना होण्याची आज्ञा आहे. लोकांपुढे शास्त्र वाचणं, बोध करणं, शिकवणं हे तेराव्या वचनात येतं. आधी जगणं, मग व्यासपीठ. आपण नेमकं उलट करतो.

पूर्वतयारी: मुलांना बोलावण्याआधी मोठ्यांनी काय ठरवायचं

हे काम जून महिन्यात सुरू करा. शाळा-कॉलेज नुकतं उघडलेलं असतं आणि वेळापत्रक बसायचं असतं. नाताळच्या तोंडावर सुरू केलंत तर सगळा जोर कॅरल आणि नाटकावर जातो. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीच्या परीक्षांचे महिने, तेव्हा नवीन काहीही सुरू करू नका.

पाळकसाहेब आणि कमिटीबरोबर एक बैठक घ्या आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा.

१. कोणती कामं पूर्णपणे तरुणांकडे जाणार. "मदत करतील" असं मोघम लिहू नका. "सप्टेंबरपासून महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची शास्त्रवाचनं आणि मध्यस्थीची (इतरांसाठी करायची) प्रार्थना तरुण ठरवतील आणि करतील" असं लिहा.

२. किती पैसे त्यांच्या निर्णयावर सोडणार. रक्कम लहान चालेल, दोन-तीन हजारही पुरे, पण ती खरोखर त्यांचीच हवी.

३. मार्गदर्शक कोण. निर्गमच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर अधिकारी नेमायला सांगतो. यातला दहाचा आकडा लक्षात ठेवा. दहा तरुणांमागे एक मोठं माणूस, आणि तेही एकटं नको, एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी हवी. गाणं-बोलणं छान जमतं म्हणून मार्गदर्शक निवडू नका. जो ऐकून घेतो आणि ऐकलेलं बाहेर सांगत नाही, तो निवडा.

मुलांची यादी दोन गटांत करा, १३ ते १७ आणि १८ ते २५. या दोन वयांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीनंही ते वेगळे आहेत.

सावधान: सुरक्षिततेचे नियम पहिल्याच दिवशी. अठरा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाबरोबर मोठ्या माणसानं बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही. "प्रार्थना करायची होती" हेही कारण चालणार नाही. रात्री उशिराचे खासगी मेसेज नाहीत, सूचना गटावरच द्यायच्या. सहल किंवा शिबिराला पालकांची लेखी परवानगी हवी. एखाद्या मुलानं लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) असा गुन्हा समजल्यावर कळवणं बंधनकारक आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून मिटवामिटवी करणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक सभागृहात ठळक लावा.

टप्पा १: ऐकणं (पहिले सहा आठवडे)

यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जा. उपासनेनंतर आवारात उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला मुलं "हो मावशी, सगळं छान" एवढंच उत्तर देतात. घरी जाऊन चहा घ्या, आजीशी बोला, आणि मग मुलाशी वेगळं पण सगळ्यांच्या नजरेसमोर बसून बोला. तीन प्रश्न पुरतात. तुझा आठवडा कसा जातो? मंडळीत काय खटकतं? विश्वासाबद्दल कोणता प्रश्न विचारायला भीती वाटते?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरानंच मी कितीतरी वेळा खजील झाले आहे. "येत नाही" म्हणून जिच्यावर आम्ही शिक्का मारला होता, तिचे स्पर्धा परीक्षेचे सराव पेपर रविवारी सकाळीच असायचे. एकाची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची. आणखी एक जण घरात कोणी तरी आजारी असल्यामुळे रविवारी स्वयंपाक करत होता.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं कडू असतात. उपदेशात आमच्या जगण्याचं काही येत नाही. कमिटीची भांडणं आम्हाला ऐकू येतात. समतेची भाषा करता आणि लग्न ठरवताना मूळची जात विचारता. हे ऐकताना बचाव करू नका. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या अध्यायात हाक येते ती लहान शमुवेलाला. पहिल्या दोन वेळा वृद्ध याजक एली त्याला परत झोपायला पाठवतो, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं की हाक मारणारा देव आहे. आपण इथपर्यंतचीच गोष्ट शब्बाथ शाळेत सांगतो. सकाळी शमुवेलाला जो निरोप सांगायचा होता तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. एली म्हणाला, काही लपवू नकोस, आणि ऐकल्यावर त्यानं तो मान्य केला. तरुणांना बोलायला लावणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला इथपर्यंत जावं लागतं.

तपासा: सहा आठवड्यांनंतर यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याची एक खरी अडचण आणि एक खरा प्रश्न लिहिता येतो का? "चांगला मुलगा आहे, लाजाळू आहे" असं लिहावं लागत असेल तर त्या घरी पुन्हा जा.

टप्पा २: रोजचं जगणं (पुढचे दोन महिने, आणि नंतर कायम)

कार्यक्रम सुरू करण्याची घाई इथे होते. थांबा. आधी रोजची सवय लागू द्या.

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. त्यात सोळाच अध्याय आहेत. रोज एक वाचला तर सोळा दिवसांत पूर्ण होतं, आणि एक पुस्तक आपण पूर्ण वाचलं हा आनंद पहिल्याच महिन्यात मिळतो. उत्पत्तीपासून, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, सुरू केलेली मुलं तिसऱ्या, लेवीयपर्यंत पोचून थांबतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. वाचन दोघादोघांच्या जोडीनं करायचं. वाचून झालं की एकमेकांना दोनच ओळी पाठवायच्या, आज काय कळलं आणि आज काय करणार. दुसरी ओळ सोडू द्यायची नाही. "देव प्रेमळ आहे" हे कळणं झालं. "भावाशी चार दिवस बोललो नाही, आज बोलणार" हे करणं झालं.

सावधान: भाषेची अडचण लपलेली असते. इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली कितीतरी मुलं मराठी उत्तम बोलतात, पण छापील देवनागरी वाचताना अडखळतात, आणि मराठी शास्त्रातले जुने शब्द त्यांना परके वाटतात. ती हे कबूल करत नाहीत, बायबल आणायचं विसरलो असं सांगतात. अशा मुलाला ऐकण्याची सोय करून द्या, किंवा जोडीदारानं मोठ्यानं वाचावं आणि त्यानं पुस्तकात बोट ठेवून मागोमाग जावं. चार-पाच महिन्यांत वाचन सुधारतं. तोपर्यंत सगळ्यांसमोर अचानक उभं करून त्याच्याकडून वाचून घेऊ नका.

आठवड्यातून एकदा गट एकत्र बसेल तेव्हा विषय त्यांच्याच यादीतून घ्या. परीक्षेत शेजारचा उत्तर दाखव म्हणतो, काय करू? पहिल्याच नोकरीत खोटं बिल लावायला सांगितलं तर? लग्नाच्या वरातीत मित्र दारू पुढे करतात तेव्हा? घरच्यांनी हुंड्याची बोलणी केली तर गप्प बसायचं का? फोनवर एकांतात काय पाहतो? हॉस्टेलमध्ये खोलीतले बाकी तिघं ख्रिस्ती नाहीत, मग प्रार्थना कशी करू? शेवटच्या प्रश्नावर आमच्या एका मुलीनं जे केलं ते मला फार आवडलं. जेवणाआधी ती फक्त डोळे मिटून अर्धा मिनिट बसायची. कोणी विचारलं तर सांगायची, नाही विचारलं तर नाही. दुसऱ्या धर्माच्या मित्रमैत्रिणींबरोबर इतका साधा, न लादणारा प्रामाणिकपणा पुरतो. त्यांच्यापैकी कोणी अठरा वर्षांखालचा मित्र कार्यक्रमाला यायचं म्हणाला, तर त्याच्या आईवडिलांना कळवून आणि त्यांच्या परवानगीनंच आणायचं.

मार्गदर्शकानं या चर्चेत निम्म्याहून कमी बोलावं. आणि जिथे स्वतः चुकलात तिथे तसं सांगा. मी एकदा सांगितलं की ऑफिसात एका खोट्या हजेरीवर मी सही केली होती आणि त्याचं ओझं वर्षभर वागवलं. त्या दिवसापासून मुलं माझ्याशी खरं बोलू लागली.

टप्पा ३: टाळ्या नसलेली सेवा (तीन महिने)

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीत भेदभाव होतो अशी तक्रार येते आणि सात जण निवडले जातात. स्तेफन आणि फिलिप्प आपल्याला प्रथम दिसतात ते या अन्नवाटपाच्या कामात. स्तेफनाचं मोठं भाषण सातव्या अध्यायात आहे, फिलिप्पाचा शोमरोनातला प्रचार आठव्यात.

म्हणून प्रत्येकाला एक ठरावीक काम द्या. माणूस तेच, काम तेच, तीन महिने. आमच्याकडे चाललेली काही कामं:

– दृष्टी गेलेल्या आजी-आजोबांकडे आठवड्यातून एकदा जाऊन शास्त्र आणि वर्तमानपत्र वाचून दाखवणं. देवनागरी वाचन सुधारायलाही यासारखा उपाय नाही. आजी चुका लगेच दुरुस्त करतात आणि हसतही नाहीत.

– वस्तीतल्या सातवी-आठवीच्या मुलांचा गणिताचा मोफत वर्ग, कोणत्याही धर्माच्या मुलांसाठी. इथे धर्माचा प्रचार करायचा नाही. गणितच शिकवायचं.

– ईस्टरआधी कबरस्तानाची साफसफाई. ज्यांच्या घरचं कोणी उरलं नाही अशा कबरी आधी.

– रक्तदान शिबिराची जमवाजमव. रक्तदात्याचं वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो लागतं, त्यामुळे लहान गटाला नोंदणी, पाणी आणि नाश्त्याचं काम द्या.

एखादी मुलगी "मला पेटी वाजवायची आहे, हे नको" म्हणाली तर पेटीही शिकवा, पण ही सेवा सोडू देऊ नका. गुणवान मुलांना सेवेतून सूट देण्यानं त्यांचंच नुकसान होतं.

नेहमीची चूक: खुर्च्या मांडणं मुलांकडे आणि सजावट-चहा मुलींकडे, ही वाटणी आपोआप होते. कामांची चिठ्ठी काढा किंवा दर महिन्याला आळीपाळी ठेवा. हिशेब, सूत्रसंचालन, प्रार्थना यांत मुली निम्म्या असाव्यात. त्यांच्या घरी परतण्याची वेळ आणि सोबत यांची व्यवस्था आधीच करा, नाहीतर "मुलीच येत नाहीत" हे कारण पुढे होतं.

तपासा: तीन महिन्यांत कोण न सांगता वेळेवर पोचलं? न येण्याचं कारण आधी कोणी कळवलं? कंटाळा आल्यावरही कोण टिकलं? नाव लिहून ठेवा. पुढारपणासाठी माणसं इथे सापडतात, स्पर्धेत पहिल्या आलेल्यांत सापडतीलच असं नाही. डीकनांच्या (मंडळीच्या सेवकांच्या) बाबतीत पहिल्या तीमथ्याच्या तिसऱ्या अध्यायात पौल सांगतो की आधी त्यांची पारख व्हावी. ही पारख म्हणजे वर्षाच्या शेवटी घेतलेली परीक्षा नव्हे. ती अशा रोजच्या कामात चालू असते.

टप्पा ४: जोडीनं शिकणं

येशूनं बारा जणांना दोघादोघांनी पाठवलं (मार्क ६:७). एकट्याला पाठवू नका. प्रत्येक कामाचा क्रम असा ठेवा.

१. मोठा माणूस करतो, तरुण शेजारी बसून बघतो.
२. दोघं मिळून करतात.
३. तरुण करतो, मोठा माणूस शेजारी असतो.
४. तरुण करतो आणि त्याच्या शेजारी आता त्याच्यापेक्षा लहान कोणी तरी बसलेलं असतं.

मध्यस्थीच्या प्रार्थनेचं उदाहरण घ्या. पहिल्या महिन्यात तुम्ही ती कशी लिहिता ते दाखवा. आजारी कोण याची यादी कुठून मिळते, कोणाचं नाव घ्यायला त्या घराची परवानगी लागते, राज्यकर्त्यांसाठी आणि पावसासाठी प्रार्थना कशी करायची. दुसऱ्या महिन्यात निम्मी त्यानं लिहायची. तिसऱ्यात पूर्ण त्यानं लिहायची आणि तुम्ही शनिवारी वाचायची. चौथ्यात तुम्ही ती रविवारीच, मंडळीबरोबर ऐकायची.

आपल्याकडे पहिल्या पायरीवरून एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारली जाते, किंवा वर्षानुवर्षं दुसऱ्या पायरीवरच थांबलं जातं. दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण ती प्रेमासारखी दिसते. "अजून लहान आहे" असं आपण तिशीतल्या माणसालाही म्हणतो.

टप्पा ५: निर्णय आणि पैसा

काम दिलं पण निर्णय दिला नाही, तर ती मुलं मंडळीचे फक्त स्वयंसेवक राहतात. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मोशेला सांगितलं जातं की त्याच्यानंतर पुढारी होणाऱ्या यहोशवाला सर्व मंडळीसमोर उभं कर, त्याच्यावर हात ठेव आणि आपल्या अधिकाराचा काही भाग त्याला दे. सगळ्यांसमोर आणि खरा अधिकार, या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून सूचनांच्या वेळी पाळकांनीच सांगावं की हे काम आता अमुक जण पाहतील आणि त्याबद्दल त्यांच्याशीच बोलावं.

पैशाची पद्धत साधी ठेवा. एक वही, प्रत्येक खर्चाची पावती, दोघांच्या सह्या, महिन्याच्या शेवटी कमिटीपुढे पाच मिनिटांचा हिशेब. पावती नसलेला दहा रुपयांचा खर्चही वहीत वेगळा लिहायचा. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, गोळा झालेल्या दानाबद्दल आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून पौल सोबत इतर माणसं नेतो आणि माणसांच्या दृष्टीनंही जे योग्य तेच करण्याची काळजी घेतो. हे वचन वहीच्या पहिल्या पानावर मुलांनाच लिहू द्या.

त्यांनी घेतलेला निर्णय तुम्हाला पटला नाही तर काय? विश्वासाला, कायद्याला किंवा कोणाच्या सुरक्षिततेला धक्का नसेल तर तो होऊ द्या. आमच्या मुलांनी एका वर्षी स्टेजच्या सजावटीचे पैसे काढून वस्तीतल्या वर्गासाठी दोन पंखे घेतले. नाताळात स्टेज उघडंबोडकं दिसत होतं आणि कमिटीत कुरकुर झाली. पंखे अजून फिरत आहेत.

टप्पा ६: पूर्ण उपासना चालवणं

इथवर यायला साधारण वर्ष लागतं. आता तारीख ठरवा. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार सोयीचा पडतो, बाहेरगावी शिकणारी मुलं घरी असतात. तयारीला सहा आठवडे द्या.

उपासनेआधीचा सहावा आठवडा. पाळकांबरोबर बसून शास्त्रभाग ठरवा. तुमच्या मंडळीत नेमलेली वाचनं असतील तर तीच घ्या, आवडीचा भाग शोधत बसू नका. प्रभुभोजन आणि शेवटचा आशीर्वाद पाळकांकडेच राहणार का, हे तेव्हाच स्पष्ट करा. ऐन वेळी वेदीजवळ गोंधळ नको.

पाचवा. कामं वाटा. सूत्रसंचालन, दोन वाचनं, प्रार्थना, गीतं, अर्पण, उपदेश, सगळं वेगवेगळ्या लोकांकडे. एकानं दोन कामं घ्यायची नाहीत.

चौथा. गीतं. चारपैकी तीन 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातली, सगळ्यांना येणारी. एक नवं. मुलं नवी गीतं काळी पाचसारख्या उंच पट्टीत धरतात, आणि अंतऱ्याला पोचताना मंडळीतल्या निम्म्या लोकांचा आवाज बंद पडतो. एखाद्या आजोबांना सरावाला बोलवा. त्यांना गाता येईल ती पट्टी ठरली. गाणारे चौघं आणि ऐकणारे दोनशे असं झालं तर ती उपासना राहत नाही.

तिसरा. उपदेशाचा कच्चा मसुदा. यावर थोडं थांबते, कारण मुलं इथेच सगळ्यात जास्त घाबरतात.

बारा मिनिटं पुरे. सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे बाराशे शब्द. एकच शास्त्रभाग. आधी तो भाग दहा वेळा वाचायचा, मग तीन गोष्टी लिहायच्या. तिथे काय घडतं आहे? मला त्यात काय कळलं नाही? या आठवड्यात मी काय बदलणार? दुसरा प्रश्न मुलं टाळतात. त्यांना वाटतं व्यासपीठावरून फक्त खात्रीच्या गोष्टी बोलायच्या. पण "हे वाक्य मला अजून कठीण जातं" असं प्रामाणिकपणे म्हणणारा तरुण मंडळी कान देऊन ऐकते.

इंटरनेटवरचा तयार संदेश उचलू देऊ नका. ऐकताना दुसऱ्याचा दाखला लगेच कळतो, आणि दुसऱ्याचं स्वतःचं म्हणून सांगणं हे खोटंच आहे. दाखला स्वतःच्या घरातला, कॉलेजातला, बसमधला हवा. दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगायची असेल तर त्या माणसाला आधी विचारायचं. मोठ्यांना टोमणे नाहीत, दुसऱ्या धर्माची किंवा पंथाची टिंगल नाही.

दुसरा. रिकाम्या मंदिरात, माईकवर, पूर्ण उपदेश. ऐकायला फक्त मार्गदर्शक आणि एक मित्र. घड्याळ लावा.

शेवटचा. शुक्रवारी संपूर्ण सराव, कोण कुठून उठणार आणि कुठे बसणार इथपर्यंत. शनिवारी काहीही नाही. झोप.

तपासा: उपदेश मोठ्या अक्षरात कागदावर आहे का? विसरला तर बिनधास्त वाचावा, हे त्याला सांगितलं आहे का? ऐन वेळी कोणी आजारी पडलं तर प्रत्येक कामाला पर्यायी नाव ठरलं आहे का? आणि दारात उभे राहून शेरे मारणाऱ्या काकांशी तुम्ही आधी बोलला आहात का? त्यांना विनंती करा की सूचना असेल तर ती मला सांगा, मुलाला आज फक्त हात मिळवा आणि "जय ख्रिस्त" म्हणा. मी विनंती केल्यावर आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

त्या दिवशी मार्गदर्शकानं पहिल्या बाकावर बसू नये. मुलं सारखी तुमच्याकडे बघतात. मध्ये, लोकांत बसा.

टप्पा ७: नंतरचे दिवस

दोन-तीन दिवसांत घरी जा. आधी त्यालाच विचारा, तुला कसं वाटलं? मग एक नेमकी चांगली गोष्ट सांगा, "प्रार्थनेत तू शेतमजुरांना आठवलंस." मग सुधारायची एकच गोष्ट. दुसरी असेल तर पुढच्या वेळी. तीमथ्याला पौल लिहितो की तुझी प्रगती सर्वांना दिसून यावी (१ तीमथ्य ४:१५). प्रगती दिसायची तर आधीचं अपुरेपणही लोकांनी पाहिलेलं असणारच.

आणि फसलं तर? पौलाचा सोबती मार्क पंफुल्यातल्या पर्गा इथे त्याला सोडून यरुशलेमेस परतला होता. पुढच्या प्रवासाला त्याला न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबानं मार्काला सोबत घेतलं. कित्येक वर्षांनी तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). मधल्या काळात कोणीतरी त्याला आपल्याबरोबर ठेवलं म्हणून हे झालं. सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाकडे मी सहा महिन्यांनी गेले आणि माझी चूक कबूल केली. मी आधी जायला हवं होतं. तो परत आला, पण माईकपाशी नाही. त्यानं वस्तीतला गणिताचा वर्ग घेतला. तीन वर्षांनी एका रविवारी तो आपणहून म्हणाला, आज वाचन मी करतो.

पुढचं पाऊल कमिटीत मतासह जागा, मुदत दोन वर्षं. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी त्यानं आपल्या जागी येणाऱ्याला जोडीला घ्यायचं. हा नियम पहिल्या दिवशीच लिहून ठेवा, नाहीतर आजचा तरुण चाळिशीतही तरुण संघाचा अध्यक्ष राहतो आणि त्याच्यामागची मुलं वाट पाहून निघून जातात.

टप्पा ८: गाव सोडताना

एवढं करून मुलं बाहेरगावी जातात, नोकरीला, शिक्षणाला, काही परदेशात. मंडळीला वाटतं श्रम वाया गेले. ते वाया जात नाहीत, पण हातातून निसटू शकतात.

जाण्याआधी महिनाभर तिथल्या मंडळीचं नाव, उपासनेची वेळ आणि राहत्या जागेपासूनचं अंतर त्याच्याबरोबर बसून शोधा. तिथल्या पाळकांना पत्र लिहा. या मुलाला कोणती कामं येतात ते त्यात स्पष्ट लिहा, म्हणजे तो तिथे नुसता पाहुणा राहणार नाही. निघण्याआधीच्या रविवारी मंडळीसमोर त्याच्यासाठी प्रार्थना करा. पहिल्या तीन महिन्यांत त्याला दर आठवड्याला फोन कोण करणार, ते नाव ठरवा.

पहिला फोन पहिल्याच रविवारी संध्याकाळी. मंडळी सापडली का, हे नंतर विचारा. आधी जेवलास का, ते विचारा.